नैवेद्य दाखवेपर्यंत : स्वमग्न मुलं स्वतःला आवरायला कशी शिकतात

(देवरूख येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

सुरुवात देवरूखच्या एसटी स्टँडपासूनच करूया, कारण बोलायचा विषय तिथंच दोन सेकंदांत घडलेला आम्ही पाहिलाय.

कँटीनबाहेर बाकावर एक गृहस्थ वडापाव खात होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आईचा हात सोडून थेट त्यांच्याकडे गेला, हातातला वडा घेतला आणि खाल्ला. चोरून नाही, घाबरून नाही. आपल्याच ताटातला घ्यावा तसा. गृहस्थ आधी दचकले, मग भडकले. आई माफी मागत होती, पर्समधून पैसे काढत होती. आणि आजूबाजूला जे बोललं गेलं ते तुम्हाला सांगायला नकोच. ‘लाडावून ठेवलाय.’ ‘दोन द्या ठेवून, सरळ होईल.’ एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘वेडा आहे वाटतं.’ आईनं ते ऐकलं. मुलानंही ऐकलं असणार. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं नसतं.

मुलाला ऑटिझम होता. आज त्या दोन सेकंदांबद्दल बोलायचंय. वडा दिसला आणि हात पुढे गेला, या दोहोंच्या मध्ये बाकीच्या मुलांच्या मनात काहीतरी आडवं येतं. ते कुठून येतं? आणि या मुलात ते आलं नाही, की आलं पण पुरलं नाही?

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. सरकारी कागदावरही तोच शब्द आहे, आम्हीही वापरतो. पण तो पूर्ण पटत नाही. त्यातून असं वाटतं की मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला जगाशी घेणंदेणं नाही. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांची अडचण उलटी असते. जग इतक्या जोरानं अंगावर येतं की काय आत घ्यावं आणि काय गाळावं तेच ठरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही मुलं किती? २०१८ साली आपल्या देशातल्या पाच ठिकाणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक ठिकाण आपल्या शेजारचं होतं, उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण, म्हणजे ऐकण्याची, शिकण्याची, फिट्सची, ऑटिझमची, अशी साधारण आठांतल्या एका मुलात आढळली. त्यातला ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे आपल्या तालुक्यात ही मुलं आहेत. दिसत नाहीत, कारण घरात ठेवलेली असतात. का ठेवतात, ते स्टँडवर आपण पाहिलंच.

आता मुख्य गोष्ट. स्वतःला आवरणं ही एक शक्ती नाही. आपण ‘संयम’ म्हणतो तेव्हा असं वाटतं की आत एक टाकी आहे, कुणाची भरलेली, कुणाची रिकामी. तसं नाहीये. त्यात बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. आपल्याला काय हवंसं वाटतंय ते कळणं. निघालेला हात रोखणं. ‘हा आपला नाही’ हा नियम त्या क्षणी आठवणं. ‘मला वडा हवाय’ हे दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं सांगता येणं. आणि मिळेपर्यंतचा वेळ काढता येणं. यातली एक कडी निसटली तरी बाहेरून सगळं सारखंच दिसतं : मुलानं हिसकावलं.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. हातात रबरी फुगा द्यायचा. एक दिवा लागला तर दाबायचा, दुसरा लागला तर दाबायचा नाही. तीन वर्षांच्या मुलाला नियम विचारला तर तो बरोबर सांगतो. पण दिवा लागला की कुठलाही असो, दाबतो! नियम माहीत आहे, पण माहीत असलेला नियम हाताला अजून बांधलेला नाही. पाच वर्षांच्या आसपास चित्र बदलतं. मूल स्वतःशी बोलायला लागतं, ‘आता नाही, आता नाही’ असं पुटपुटतं आणि ते बोलणं हाताला आवरतं. पुढे पुटपुटणं बंद होतं आणि तेच बोलणं आत जातं. या प्रयोगांच्या तपशिलावर नंतर वाद झाले, पण मूळ निरीक्षण तुम्ही घरी रोज बघता. गरम तव्याजवळ उभं राहून ‘हात नाही लावायचा हां’ असं स्वतःलाच बजावणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आता विचार करा. ज्या मुलाची भाषा उशिरा येते, किंवा भाषा येते पण ती स्वतःशी बोलायच्या कामी येत नाही, त्याच्याकडे हे पुटपुटण्याचं हत्यारच नाही. अनेक स्वमग्न मुलं शब्दांपेक्षा चित्रांत विचार करतात. त्यांना आपण शंभर वेळा ‘थांब’ म्हणतो आणि वर म्हणतो, ‘ऐकतच नाही.’

दुसरा प्रसिद्ध प्रयोग तुम्ही ऐकलेलाच असेल, तो मार्शमेलोचा. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून केलेला. समोर एक गोड पदार्थ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असं पालकसभांमधून सांगत फिरणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ती पद्धत आवडत नाही. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध खूपच कमी उरला. त्याहून बोलका प्रयोग २०१३ चा आहे. त्यात आधी एका मोठ्या माणसानं मुलांना चांगले रंग आणून द्यायचं वचन दिलं. निम्म्या मुलांच्या बाबतीत पाळलं, निम्म्यांच्या बाबतीत मोडलं. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. मुलं अठ्ठावीसच होती, छोटा प्रयोग आहे, पण फरक बघा. म्हणजे थांबणं हे पुष्कळदा मुलाच्या स्वभावात नसून पुढे काय होणार याच्या खात्रीत असतं.

आणि खरं सांगायचं तर मार्शमेलो कशाला पाहिजे? कोकणातल्या प्रत्येक घरात हा प्रयोग दरवर्षी होतो. गणपतीत. उकडीचे मोदक तयार आहेत, वास घरभर सुटलाय, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. तीन वर्षांचं पोर हात घालतं, आजी हसते. पाच वर्षांचं पोर मोदकाभोवती घिरट्या घालतं. आठ वर्षांचं पोर लहान भावाला दटावतं. एवढं कुठून आलं त्याच्याकडे? त्याला दरवर्षीचा क्रम माहीत झाला : पूजा, आरत्या, मंत्रपुष्पांजली, नैवेद्य, मग पानं. सगळे थांबलेत हे त्याला दिसतं. दरवर्षी मोदक खरोखरच मिळाला हा अनुभव आहे. आणि ‘देवाला आधी’ हे शब्द आत बसलेत.

त्याच घरातला स्वमग्न मुलगा घ्या. मुंबईचे चाकरमानी आलेत, घरात वीस माणसं. रोजची झोपायची जागा गेली. झांजा आणि ढोलकीचा आवाज त्याच्या कानाला आपल्यापेक्षा कितीतरी मोठा लागतोय. भूक लागली आहे, पण पोटातली ती खळबळ म्हणजे ‘भूक’ हे त्याला ओळखता येत नाही. शरीराच्या आतले इशारे ओळखणं या मुलांपैकी अनेकांना अवघड जातं. आरती कधी संपणार हे माहीत नाही, कारण एक संपली की काका दुसरी सुरू करतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘अजून एक होऊ दे.’ सगळे थांबलेत हे तो बघत नाही, कारण इतरांच्या तोंडाकडे बघून आपण काय करायचं ते ठरवणं हीच त्याची अडचण. या सगळ्यात मोदक हीच एक ओळखीची, खात्रीची गोष्ट. हात गेला. आता सांगा, त्याचा ‘संयम’ कमी पडला म्हणायचं का?

आंबा घाट उतरणारा एसटीचा ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवत नाही. गिअर पाडतो, वळणाच्या आधीच वेग कमी करतो. सतत ब्रेक दाबला तर ब्रेक तापून निकामी होतो. स्वमग्न मुलाचा ब्रेक कदाचित थोडा मऊ असेलही, पण त्याचा रस्ता मात्र दिवसभर घाटाचा आहे. आपण फक्त ‘ब्रेक दाब’ म्हणून ओरडत राहतो.

‘थोडा मऊ असेलही’ म्हणालो, कारण संशोधन तेवढंच सांगतं. २०१४ साली एक्केचाळीस अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. १,०९१ स्वमग्न व्यक्ती आणि तुलनेसाठी १,३०६ इतर. कामं अशी, की अमुक अक्षर दिसलं की बटण दाबा, तमुक दिसलं की दाबू नका. सवयीनं निघालेला हात रोखण्यात स्वमग्न गटाला मध्यम प्रमाणात जास्त अडचण आली. आजूबाजूच्या नको त्या माहितीकडे दुर्लक्ष करण्यात त्याहून कमी. आणि अभ्यासा-अभ्यासांत फरक पुष्कळ. म्हणजे सरासरीत फरक आहे, पण दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले आहेत. असे स्वमग्न लोक आहेत ज्यांचा हात तुमच्या-आमच्यापेक्षा पक्का थांबतो.

गंमत म्हणजे पालकांना विचारलं तर अडचण याहून मोठी दिसते. याचा अर्थ पालक वाढवून सांगतात असा नाही. प्रयोगशाळेत शांत खोली असते, एक माणूस, एक काम, नियम आधी समजावलेला, कधी संपणार ते माहीत. म्हणजे घाटच नाही! तिथं गाडी नीट चालली तर दोष निव्वळ गाडीचा नाही, हे आपल्याला कळायला हवं.

आता एक सावधगिरी. बाहेरून आवेग दिसतो ते सगळं आवेग नसतं. मुलगा वर्गातून उठून जाऊन प्रत्येक उघडं दार लावतो. शिक्षक म्हणतात, ‘जागेवर बसवतच नाही.’ पण तो मनाला आलं म्हणून करत नाहीये, उलट एक नियम पाळतोय. दार बंद असलं पाहिजे, हा. त्याला ‘आवर’ म्हणून उपयोग नाही. त्याची जागा दाराशेजारी करा, शाळा सुटताना दारं लावायचं काम त्याचं, असं ठरवा. हात फडफडवणं, झुलणं, गोल फिरणं हेही आवेग नव्हे. त्यानं बरीच मुलं स्वतःला शांत करतात. ते थांबवायला लावलं तर मुलाची सगळी ताकद त्यातच जाते आणि बाकीचं सुटतं. कुणाला इजा होत नसेल तर फडफडू द्या हो. आणि जेव्हा मूल पूर्ण कोसळतं, जमिनीवर पडून ओरडतं, डोकं आपटतं, तेव्हा ते हट्ट करत नसतं. हट्टी मूल मध्येच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, आई बघतेय का. हवं ते दिलं की थांबतं. कोसळलेलं मूल हवं ते दिलं तरी थांबत नाही. त्या वेळी शिकवणं बंद. आवाज कमी, माणसं कमी, बोलणं कमी, आणि वाट बघायची.

काही मुलांत ऑटिझमबरोबर एडीएचडीही असतो, आणि मग खरोखरच ब्रेक वेगळा असतो. पूर्वीच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे ही दोन निदानं एकाच मुलाला देता येत नसत. २०१३ साली ते बदललं. अनेक अभ्यासांची बेरीज केली तर स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे २८ टक्क्यांमध्ये एडीएचडी सापडतो. त्यामुळे मूल सतत धावतंय, क्षणभर टिकत नाही, असं असेल तर ‘ऑटिझमच आहे ना, असंच असायचं’ म्हणून सोडू नका. तपासून घ्या, त्यावर उपचार आहेत. औषधांबद्दल प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच सांगतो. ऑटिझमचं औषध नाही. तीव्र चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं यासाठी रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल या दोन औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २००६ आणि २००९ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडेही डॉक्टर देतात. काही मुलांना त्यानं खरंच मोकळा श्वास मिळतो. पण भूक आणि वजन वाढतं, सुस्ती येते. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच, आणि आपल्या मनानं बंदही करायचं नाही.

आता ज्यासाठी खरं तर आम्ही इथं आलो, ते बोलतो. पाणी.

अमेरिकेतल्या बाराशेहून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांना विचारलेलं २०१२ साली प्रसिद्ध झालं. चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी मूल घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून गेलं, असं जवळजवळ निम्म्या पालकांनी सांगितलं. रस्त्यावरची वाहनं आणि पाण्यात बुडणं, हे दोन मोठे धोके. त्यात स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार. चमकतं, हलतं, एका लयीत आवाज करतं.

आणि आपण राहतो कुठं? घराला कुंपण नाही, गडगा गुडघ्याएवढा. आगरात बाव, तिला कधी कठडा आहे, कधी नाही. जूनपासून घराखालचा पऱ्या वाहायला लागतो. मेमध्ये कोरडा असताना मुलगा तिथं रोज खेळला आहे, त्याच्या दृष्टीनं ती खेळायची जागा. त्याला ‘धोका’ हा शब्द शिकवून भागत नाही, कारण धोका ही कल्पना आहे आणि पाणी समोर आहे.

इथं मुलाच्या संयमावर एक दिवसही विसंबू नका. बावीला कठडा आणि वर लोखंडी जाळी, हा पहिला खर्च. थेरपीच्या आधीचा. मागच्या दाराला मुलाच्या हाताच्या वर कडी आणि दाराला घंटी, पितळेची देवघरातली चालेल. वाडीतल्या पाच घरांना सांगून ठेवा की आमचा मुलगा एकटा दिसला तर विचारत बसू नका, सोबत राहा आणि फोन करा. मुलाच्या गळ्यात किंवा शर्टाच्या आत फोन नंबर. आणि हरवला तर पहिली धाव पाण्याकडे, देवळाकडे किंवा स्टँडकडे नाही. बाकीची माणसं बाकीकडे बघतील, पण दोघं आधी बावीवर आणि पऱ्यावर गेलीच पाहिजेत. आणि पोहायला शिकवा. ही मुलं पोहायला छान शिकतात, पाणी त्यांना आवडतंच. पण पोहता येतं म्हणून जाळी काढायची नाही. पावसाळ्यातला पऱ्या पोहणाऱ्यालाही नेतो.

लाज वाटते म्हणून शेजाऱ्यांना न सांगणारी घरं आम्ही पाहिली आहेत. आम्हाला त्यांचं दुःख कळतं. तरीही सांगा.

आता मोठ्या मुलांकडे येतो. वयात येताना सगळ्याच मुलांत एक तफावत पडते. हवंसं वाटण्याची, रागाची, ओढीची यंत्रणा बारा-तेराव्या वर्षी जोरात सुरू होते. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो विचार करून थांबवतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पिकत असतो. स्वमग्न मुलाचं शरीर वेळेवरच मोठं होतं. आवरण्याची घडी मात्र मागे असते. आणि लोकांचे नियम याच वयात गुपचूप बदलतात. सहा वर्षांचा मुलगा पाहुण्या मावशीला मिठी मारतो, सगळे म्हणतात, ‘किती गोड.’ सोळाव्या वर्षी तो तीच मिठी मारतो आणि पोलिसांपर्यंत जाण्याची वेळ येते. मुलानं काहीच बदललेलं नाही! आपण दहा वर्षं शाबासकी देऊन शिकवलेली गोष्ट आपणच एका दिवसात गुन्हा ठरवतो.

म्हणून सोळाव्या वर्षी जे चालणार नाही ते सहाव्या वर्षी सुरू करू नका. घरच्या चार-पाच माणसांना मिठी, बाकीच्यांना नमस्कार. आपल्याकडे नमस्कार आहे हे किती सोयीचं आहे बघा, स्पर्शाशिवाय स्वागत होतं. कपडे कुठं बदलायचे, दार कधी लावायचं, हे आठव्या-नवव्या वर्षापासून. वयात आलेल्या मुलाचा हात चारचौघांत चड्डीत जातो, आई-बाबा शरमेनं मारतात. मारल्यानं ती इच्छा जाणार नाही. ‘हे आपल्या खोलीत, दार लावून, एकटं असताना’ ही जागा शिकवता येते. शरीराची गरज आणि जागेचा नियम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मुलींच्या बाबतीत पाळीचंही तसंच, आधीपासून पॅड हाताळू द्यावं, आईनं दाखवावं. आणि हेही सांगतो : ‘मोठ्यांचं सगळं ऐकायचं’ एवढंच शिकलेलं मूल कुणी गैरफायदा घेतला तर नाही म्हणू शकत नाही. ‘नको’ म्हणायला शिकवणं, आणि आपण ते ‘नको’ ऐकणं, हाही याच विषयाचा भाग आहे.

शिकवायचं कसं, याबद्दल शेजारचंच उदाहरण. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी मिळून एक प्रयोग झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची पासष्ट स्वमग्न मुलं. तज्ज्ञ कमी, म्हणून प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जायचे. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशी खेळत असताना व्हिडिओ काढायचा आणि मग आईबरोबर बसून तो बघायचा : इथं मुलानं तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही त्या वेळी काय केलंत? आई सूचना देणं कमी करून मुलाच्या लयीनं चालायला शिकते. अशा घरांत आई-बाबांचा मुलाशी सूर जास्त जुळला आणि मुलं स्वतःहून आई-बाबांशी संवाद सुरू करू लागली. यात आवेग मोजलेला नव्हता. पण स्टँडवरचा वडा आठवा. ज्या मुलाला आईकडे वळून ‘ते’ असं बोट दाखवता येतं, त्याला हिसकावायची गरज कमी पडते. आमच्या मते संयमाचं निम्मं काम मागता येण्यात आहे.

उरलेलं निम्मं थांबण्याच्या सरावात. तो सराव शांत वेळी, आणि हास्यास्पद वाटेल इतका छोटा सुरू करायचा. ‘थांब’ म्हणून तळहात दाखवायचा, पाच सेकंदांनी बिस्कीट द्यायचं. पाच जमले की आठ. चिडण्याच्या आधी द्यायचं, चिडल्यावर नव्हे. आणि शब्द पाळायचा. ‘बाजारात गेल्यावर देईन’ म्हणाला असाल तर बाजारात गेल्यावर द्याच. ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘आधी – मग’ : आधी शर्ट, मग झोपाळा. दोन चित्रं एका पुठ्ठ्यावर. मोबाइलमधले फोटो चालतात, पैसे लागत नाहीत. आणि काय करू नको यापेक्षा काय कर ते सांगा. ‘धावू नको’मध्ये मुलाला ‘धाव’ ऐकू येतं. ‘हात धर’ हे करता येतं.

थोडं कागदपत्रांचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढा, ते काढलं म्हणून मुलाला शिक्का बसत नाही. शिक्का लोक तसाही मारतातच, निदान हक्क तरी मिळू देत. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यखर्च देते, त्यात थेरपीही येते. अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवू शकतं, त्यांच्यासमोर मुलाला लपवू नका. आणि शाळेत मार बसत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम सतरा लक्षात ठेवा, शारीरिक शिक्षेला बंदी आहे. शाळेशी भांडायला जाण्याआधी मात्र ते शिक्षक चाळीस पोरांना एकटे सांभाळतात हेही डोक्यात असू द्या.

काही प्रश्न आले, त्यातले तीन इथं देतो.

एका आजींनी विचारलं, ‘आमच्या वेळी एक फटका दिला की पोरं गप्प बसायची, तेव्हा कुठं होता हा ऑटिझम?’

आजी, होता. त्या पोरांना ‘खुळा’ म्हणायचे आणि गोठ्याकडच्या खोलीत ठेवायचे. तुम्हाला अशी एक-दोन नावं आठवतील. (आजींनी मान हलवली.) फटक्यानं मूल गप्प होतं, बरोबर आहे. पण त्याला कळतं एवढंच की मोठा माणूस चिडला की मारायचं असतं. तो पंधरा वर्षांचा आणि तुमच्याहून उंच झाला की तेच करतो.

एका वडिलांचा प्रश्न : ‘मोठा झाला की आपोआप सुधारेल का?’

आपोआप हा शब्द काढा, मग उत्तर बऱ्याचदा हो. आवरण्याची ताकद वयाबरोबर वाढते, स्वमग्न मुलांचीही, आणि विशीतही वाढत राहते. पाचव्या वर्षी नाही आलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. पण किती वाढेल हे कुणाचंही निदान बघून सांगता येत नाही. जो कुणी सहा महिन्यांत ‘नॉर्मल’ करून देतो म्हणतो, त्याला पैसे देऊ नका.

शेवटचा प्रश्न एका आईचा होता : ‘यंदा गणपतीत मोदकाचं काय करू?’

पाच आरत्या ठरवा आणि काकांना आधीच सांगा की पाचच. पुठ्ठ्याची पाच चित्रं दोरीला चिमट्यानं लावा, सहावं मंत्रपुष्पांजलीचं, सातवं मोदकाचं. एक आरती झाली की त्यानं एक चित्र काढून डब्यात टाकायचं. हे गणपतीच्या आधी आठ दिवस रोज संध्याकाळी करून बघा, पहिल्या दिवशी एकच आरती आणि लगेच गूळ-खोबरं. आवाज सोसत नसेल तर त्याला पडवीत बसवा, तिथून झांजा कमी लागतात, सोबत त्याच्या आवडीचं माणूस. आरतीच्या आधी थोडं खायला घाला, देवाची हरकत नसते. आणि मोदकांची परात आरती चालू असताना त्याच्या समोर नको, स्वयंपाकघरात झाकून ठेवा. नैवेद्याचं ताट त्याच्या हाती द्या, देवापर्यंत नेण्याचं काम त्याचं. पहिल्या वर्षी वाटेत एखादा मोदक जाईल. म्हणून ताटात दोन जास्त वाढा.